कामतघरच्या उन्हाळ्यातला बर्फ

परवा आईकडे कामतघरला गेले होते. मे महिन्याची दुपार. दही आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, तर दोरीला चिप्सच्या पाकिटांच्या माळा लटकलेल्या आणि निम्म्या पाकिटांवर लिहिलेलं, 'कोरियन तिखट'. मी एक पाकीट उलटसुलट करून बघत होते, तर दुकानदार म्हणाला, "ले जाओ मॅडम, कोरिया का है. आजकल यही चल रहा है."

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आता चालतंय का त्याचं? आपल्या गल्लीत तं कवाच येऊन गेला कोरिया."

खरंच येऊन गेला होता. भारनियमनाच्या त्या एका उन्हाळ्यात आमच्या पत्र्याच्या घरात धो धो बर्फ पडत होता आणि आम्ही पाच-सहा बायका मानेवर ओला पंचा टाकून तो बघत बसलो होतो. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपलेली होती आणि पुढे काय, हे विचारणारं अजून कुणी नव्हतं. तशी सुट्टी आयुष्यात एकदाच मिळते.

कोरिया आमच्याकडे आला तो मेमचाच्या ट्रंकेतून. मेमचा मणिपूरची. माझी शालूआत्या ज्या खाजगी दवाखान्यात नर्स होती, तिथेच ती नवीन लागलेली. तिला खोली मिळेना. जिथे जाईल तिथे लोक आधी तिचं तोंड बघत आणि मग भाडं वाढवून सांगत. शेवटी आत्याच तिला घरी घेऊन आली आणि बाबांना म्हणाली, "दादा, आपला माळा रिकामा आहे." बाबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनी चष्मा वर करून मेमचाकडे बघितलं आणि म्हणाले, "उन्हाळ्यात वर फार तापतं, बरं का." झालं, हाच आमच्याकडचा भाडेकरार.

गल्लीतली पोरं तिला 'चायनावाली' म्हणायची. ती थांबून शांतपणे सांगायची, "मैं इंडिया का है. तुम भी इंडिया का है. अभी जाओ, खेलो." पहिल्या रविवारी तिने वर स्टोव्हवर तिच्या गावाकडची आंबवलेली मासळी शिजवली. गल्लीभर वास सुटला आणि लोक नाकाला पदर, रुमाल लावून आमच्या दारात आले. आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमच्या सुकटीला काय अत्तराचा वास येतो का? जावा घरी." संध्याकाळी आई वाटीभर सुकटीची चटणी घेऊन माळ्यावर गेली, ती दीड तासाने खाली आली. येताना तिच्या हातात सीडींचं जाडजूड पाकीट होतं.

"त्यांच्याकडं म्हणे हिंदी पिक्चर लागतच न्हाईत," आई म्हणाली. "मंग ते हेच बघतात. लाव गं सुजा, बघू तरी."

आता आमच्या घराची जागा सांगायला हवी. आमच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागांचा, कारखाना होता. वीज असली की लूम चालणार आणि लूम चालले की घरात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येणार नाही. वीज गेली की लूम बंद, छान शांतता, पण टीव्हीही बंद. म्हणजे टीव्ही दिसायचा तेव्हा ऐकू यायचा नाही, आणि ऐकू येण्यासारखं असायचं तेव्हा दिसायचा नाही. आमच्या गल्लीत जन्मलेल्या कुणालाही यात काही विशेष वाटत नसे. हिंदी मालिका आम्ही अंदाजानेच बघायचो. कोण कुणाची सवत, हे डोळ्यांवरून कळतच होतं.

पण या कोरियाच्या सीडीवर खाली इंग्रजी अक्षरं यायची. आवाजाची गरजच नाही! आमच्यासारख्यांसाठीच कुणीतरी ही सोय केली आहे, असं मला पहिल्या दिवशी वाटलं. घरात सलग इंग्रजी वाचता येणारी मी एकटी. तीनला वीज आली की मागचे लूम धडधडू लागत. आत्या आणि मेमचा सकाळची ड्युटी करून आलेल्या असत. कारखान्याच्या मालकाची बायको रेहानाचाची मागच्या दाराने आत येई. मग मी टीव्हीशेजारी स्टुलावर बसून, खालची अक्षरं वाचून, अर्धं मराठीत अर्धं हिंदीत ओरडून सांगायची. घशाला कोरड पडे. मध्येच आई माझ्या तोंडात कैरीची फोड घाली आणि खुणेने सांगे, चालू ठेव.

कोरियाचं इंग्रजी बरं असायचं. पाकिटात तैवानच्याही मालिका होत्या, त्यांचं मात्र भयंकर. कुणी केलं होतं कोण जाणे. एकदा नायिका दुसऱ्या मुलाशी हसून बोलली, तेव्हा नायकाचा मित्र त्याला म्हणाला, म्हणजे निदान खाली तसं लिहून आलं, की तू व्हिनेगर, म्हणजे शिरका, खातो आहेस का? मी तसंच सांगितलं.

"सिरका?" रेहानाचाची ओरडली. "कहाँ है सिरका? टेबल पे तो कुछ नहीं है."

"दुःखात पीत असंल," आई म्हणाली.

तीन भाग झाल्यावर आत्याच्या डोक्यात उजेड पडला, की तिकडे मत्सर वाटण्याला असं म्हणत असतील. तेव्हापासून आमच्या घरात ते रूढ झालं. शेजारणीने नवी साडी नेसलेली बघून कुणाचं तोंड वाकडं झालं, की बाकीच्या डोळे मिचकावणार, "शिरका!"

आणि आमची मतं! आज जो तो फोनवर मालिका बघतो आणि बघून झाल्यावर तारे देतो. आमचे तारे तोंडी होते आणि फार कडक होते. आईचं मत तैवानच्या बाजूने. कारण एकच, तैवानच्या हिरोला घाम येतो. तिथल्या खिडक्यांना आपल्यासारखी लोखंडी ग्रील, रस्त्यात स्कूटर, गच्चीत वाळत घातलेले कपडे, पावसाने हिरव्या पडलेल्या भिंती. "हे आपलेच लोक हायत," ती म्हणे, "निस्ती भाषा येगळी." नायक-नायिका सारखे भांडायचे, एकमेकांच्या डोक्यात वह्या मारायचे, घरमालकीण मध्ये पडून दोघांना झापायची. आईला ते फार आवडे. कोरियाचा हिरो नायिकेला पाठंगुळी घेऊन बर्फातून चालायला लागला, की मात्र ती म्हणायची, "पाठंगुळी घेतोय, ठीक हाय. पाणी भरून देतोय का, ते बघा."

रेहानाचाचीचा कौल कोरियाला. तिला तिथल्या सासवांचा थाट पसंत होता. मोत्याच्या माळा घालून हॉटेलात बसायचं आणि सुनेच्या तोंडावर ग्लासभर पाणी फेकायचं. "क्या निशाना है!" ती म्हणायची. ती स्वतः सुनेला भाकरीसुद्धा थापू देत नसे, स्वतःच थापून वाढायची. कदाचित म्हणूनच तिला ते बघायला मजा येत असावी.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असायची. त्यामुळे पहिल्या शुक्रवारी, चार-पाच दिवस नुसते ओठ हलताना पाहिलेल्या त्या हिरोचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. इतका उंच, खांदे इतके रुंद, आणि आवाज बारीक, मऊ. आम्ही सगळ्या खो खो हसलो. फक्त आत्या हसली नाही. ती म्हणाली, "बघा ना, किती हळू बोलतात ही माणसं. ओरडावंच लागत नाही त्यांना."

शालूआत्याबद्दल आता सांगते. बाबांची धाकटी बहीण. सदतीस वर्षांची. आजोबा अंथरुणाला खिळले, तेव्हा ती नुकती नर्स झाली होती. घरात नर्स असताना बाहेर कशाला बघायचं, म्हणून आजोबांचं सगळं तिच्याकडे आलं. ती सात-आठ वर्षं त्यातच गेली. त्यानंतर माझं दहावीचं वर्ष, मग आईचं ऑपरेशन. दर वर्षी काहीतरी होतंच. आत्याच्या लग्नाचा विषय निघाला की बाबा म्हणायचे, "बघू." ते खरंच बघणार आहेत असं सगळ्यांना वाटायचं, त्यांना स्वतःलाही.

मालिका बघताना आत्याचा वेगळाच नाद. कोरियात नायिकेला हमखास असाध्य आजार होई. बाकीच्या आम्ही रडायला लागलो की आत्या चिडायची. "सलाईन बघ कशी लावलीय! नुसती चिकटपट्टी! आणि पेशंटच्या ओठांना लिपस्टिक?" मेमचाही मान हलवायची, "सिस्टर लोग को सीरियल में काम ही नहीं है. खाली दरवाजा खोलता है." दोघी नर्सेस त्या पडद्यावरच्या दवाखान्याची रोज तपासणी करायच्या. पण शेवटचा भाग आला की आत्या गप्प होई. एकदा मी सीडी काढत असताना ती म्हणाली, "यांचं एक बरं आहे, सुजा. आपल्या मालिकांसारखं वर्षानुवर्षं चालत नाही. सोळा भाग झाले, की कुणाचं ना कुणाचं काहीतरी ठरतं."

मी तेव्हा म्हटलं, "हो ना." आणि दुसरी सीडी लावली.

बाबा आमच्यात नसायचे. ते खुर्ची दाराकडे वळवून पेपर वाचायचे. पण पेपरचं पान तासभर उलटत नसे. मध्येच बोलायचे, "सारखं काय शेवया खातात?" किंवा "हा मुलगा कामाला कधी जातो?" एका दुपारी आम्ही एक कोरियन मालिका संपवत होतो. त्यातली थोरली बहीण मासळी बाजारात उभी राहून भावंडांना शिकवते. तिच्यावर जीव असलेला शिक्षक वाट बघून बघून शेवटी बदली मागून निघून जातो. बस सुटते, बर्फ पडत असतो आणि ती हातात मासळीची पाटी घेऊन तशीच उभी. मी ओरडून सांगायचं थांबले होते, कारण बोलण्यासारखं काही नव्हतंच. तेवढ्यात वीज गेली. लूम थांबले. त्या शांततेत बाबांनी नाक ओढल्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. बाबा पेपराने डोळे पुसत होते.

"काय माणसं असतात," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "सख्खे भाऊ. एकाच्या तरी लक्षात यावं की नाही?"

आत्या उठून पाणी भरायला मोरीत गेली. मोरीच्या दाराआड ती दिसेनाशी झाल्यावर आई हळू आवाजात म्हणाली, "त्या कोरियातल्या बाईसाठी डोळे पुसताय. मोरीत गेली ती कोण हाय?"

रेहानाचाचीने पदर सावरला, चपला घातल्या आणि आवाज न करता निघून गेली. मेमचा उठून माळ्यावर गेली.

आई पुढे बोलली ते त्या दिवशी मला नवीन होतं. जवळच्या वडपे गावचे कोणी गायकवाड होते, गोदामात सुपरवायझर. त्यांची आई आत्याच्या दवाखान्यात महिनाभर होती. आत्याने तिचं सगळं केलं. ती म्हातारी बरी होऊन घरी गेली आणि तिथून तिने निरोप धाडला, की माझ्या मुलाचं लग्न राहिलेलं आहे आणि मला ही मुलगी हवी आहे. बाबा म्हणाले होते, "बघू." त्याला वर्ष होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सुट्टी टाकली. इस्त्रीचा शर्ट घातला आणि कुणाला काही न सांगता वडप्याच्या रिक्षात बसले. दुपारी परत आले ते घामाने निथळत. आईने पाणी दिलं. ते एका दमात पिऊन म्हणाले, "नाही झालं अजून त्याचं लग्न. येतोय रविवारी."

आत्याने हे ऐकलं आणि ती चिडली. मी तिला तसं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मला विचारलंत का?" ती म्हणाली. "तेव्हा 'बघू' म्हणताना विचारलं नाही, आता बोलावतानाही नाही. मी काय माळ्यावरची ट्रंक आहे का, मनाला येईल तेव्हा खाली काढायला?" बाबा खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "चुकलं, शालू. रविवारी नको असेल तर मी परत जाऊन सांगतो." आत्याने त्यांचा रिकामा पेला उचलला. मग म्हणाली, "येऊ दे. बोलावलंय तर चहा तरी देऊ."

तर गायकवाड आले. अंगाने सडपातळ, कानांशी पांढरे झालेले केस, हातात पिशवीभर जांभळं. त्यांनी "जय भीम" म्हटलं तेवढंच आम्हाला ऐकू आलं, कारण त्याच क्षणी वीज आली आणि मागचे लूम सुरू झाले. खरं तर वीज तीनला यायची, त्या दिवशी लवकर आली. बाबांनी कपाळावर हात मारला.

मग जे झालं ते मी पोह्यांची बशी हातात धरून, दारातून बघितलं. बाबा घसा ताणून काहीतरी सांगत होते. आई चिवडा पुढे करत होती. गायकवाड मान हलवत होते. मग ते आत्याकडे वळले आणि त्यांचे ओठ हलले. आवाज नव्हता, ओरडणं नव्हतं, नुसते ओठ. आत्या चमकली. तिचेही ओठ हलले. ते पुन्हा काही बोलले. आत्याने बोट वर करून काहीतरी ठणकावलं. ते हसले. आणि मग आत्याही हसली, अगदी मोकळी, दात दिसतील अशी.

लूमच्या भिंतीला लागून वाढलेली पुष्कळ माणसं ओठांवरून बोलणं वाचतात. कारखान्यात दुसरा इलाजच नसतो. बाबांना आणि मला ते कधी साधलं नाही, पण आत्या याच घरात वाढून ते शिकली होती, आणि गायकवाडांचे वडील नारपोलीत लूमवर होते, हे आम्हाला मागाहून कळलं. म्हणजे सगळ्यांच्या समोर बसून, सगळ्यांच्या डोक्यावरून, ती दोघं निवांत गप्पा मारत होती. बाबांना याचा पत्ताच नव्हता. ते आपले आवाज चढवत राहिले आणि अचानक वीज गेली. लूम थांबले. बाबांचं वाक्य मात्र थांबायला जरा उशीर झाला.

"...मुलगी तशी फार शांत आहे!" ते गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले.

मग गायकवाड हळू आवाजात म्हणाले, "दादा, आमचं ठरलं."

"काय ठरलं?" बाबा म्हणाले. "कधी?"

"आत्ताच."

बाबांनी आत्याकडे बघितलं. ती जांभळांची पिशवी उचलून आत चालली होती. "हो," ती जाता जाता म्हणाली, "ठरलंय."

मागच्या दाराशी रेहानाचाची उभी होती. ती कधी आली होती कोण जाणे. तीही याच भिंतीची, तिला सगळं दिसलं होतं. त्या दिवशी मला काही वाचून सांगावं लागलं नाही. आम्ही तिच्याभोवती गोळा झालो आणि तिने सगळं सांगितलं.

"वो बोला, दादा को पसंद है, आप को किसी ने पूछा क्या? ये बोली, नहीं पूछा, आप पहले हो. वो बोला, तो पूछता हूँ, करोगे? ये बोली, ड्युटी नहीं छोड़ूँगी." इथे चाचीने आत्यासारखंच बोट वर केलं. "तो वो बोला, छोड़ने को कौन बोलता है? मेरी भी शिफ्ट रहती है. खाना जो पहले आएगा वो बनाएगा."

"बनवता येतं का त्याला?" आईने विचारलं.

"वो नहीं पूछा इस ने," चाची खेदाने म्हणाली.

मला पुष्कळदा वाटतं, त्या मालिकांनी आम्हाला काही शिकवलं असं म्हणणं खोटं होईल. आम्ही त्या शिकायला बघितल्या नव्हत्या. उकडत होतं आणि तिकडे बर्फ होता, म्हणून बघितल्या. पण दूरच्या माणसांचं दुःख बघायची एक गंमत असते. ते आपल्याला नीट दिसतं, कारण ते आपल्या पाटावर बसलेलं नसतं, आपला चहा करत नसतं. इतक्या लांबून बघायची सवय झाल्यावर एखाद्या दुपारी नजर जवळही वळते. बाबांची वळली. पेपराने डोळे पुसणाऱ्या त्या माणसाला मी आजही तारे द्यायला तयार आहे, पाचच्या पाच.

आता मी कल्याणला असते. संध्याकाळी सगळं घर आपापल्या फोनवर काही ना काही बघत असतं, प्रत्येकाच्या कानात काहीतरी खोचलेलं. सगळं स्वच्छ ऐकू येतं, खालची अक्षरंही मराठीत येतात, कधीकधी बरोबरसुद्धा. तक्रार नाही. मीही बघते. फक्त शेजारी कुणी नसलं, की मत द्यायचं कुणाला, ते कळत नाही. मग मी मेमचाला फोन लावते. ती इंफाळला मोठ्या दवाखान्यात मेट्रन आहे. तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "सिस्टर लोग को काम दिया, कि खाली दरवाजा?"

आत्याचं लग्न त्याच उन्हाळ्याच्या शेवटी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, विहारात झालं. पांढरी साडी, पंचशील, दोन हार, सगळ्यांना जेवण. मेमचा तिच्याकडचं रेशमी, काठावर वेलबुट्टी असलेलं लुंगीसारखं वस्त्र नेसून आली. गल्लीतल्या बायका आत्याला सोडून तिच्याभोवतीच जमल्या. पोरं तिला "मेमचादीदी" म्हणत पाणी आणून देत होती. गायकवाडांच्या आईने आत्याचा हात जो धरला तो जेवण संपेपर्यंत सोडला नाही.

पाठवणीला आम्ही रडायच्या तयारीने उभ्या होतो. वऱ्हाडासाठी टेम्पो आणला होता. आत्याने टेम्पोत डोकावून बघितलं. आत सासूबाई, पातेली आणि वीसेक माणसं. ती म्हणाली, "यात मी नाही बसत," आणि गायकवाडांच्या स्कूटरवर मागे जाऊन बसली. पदर कमरेला खोचला, पर्स मांडीवर घेतली. बाबा पुढे झाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून मागे सरले. स्कूटर सुरू झाली. आईने डोळ्याला पदर लावला. कोपऱ्याजवळ आत्याने मान वळवली आणि आम्हाला वाटलं, आता ती मागे बघणार, म्हणून आम्ही सगळ्यांनी हात वर केले. पण ती आमच्याकडे बघत नव्हती. ती पुढे वाकून त्यांच्या कानाशी, आम्हाला सगळ्यांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "अहो, सावकाश. पुढे खड्डा आहे."

त्यांनी खड्डा चुकवला आणि दोघं वळणाआड गेली.